अपेक्षाभंग आणि भ्रमनिरास : प्रवासवर्णनातील महानगर

१

मराठीत ‘अपेक्षाभंग’ आणि ‘भ्रमनिरास’ हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. एखादे जगद्विख्यात महानगर पाहून परतलेला प्रवासी कधी म्हणतो, अपेक्षाभंग झाला. कधी म्हणतो, भ्रमनिरास झाला. दोन्ही वेळा त्याचा स्वर खेदाचाच असतो. परंतु या शब्दांच्या घटनेकडे पाहिले तर त्यांचे अर्थ परस्परांपासून बरेच दूर आहेत असे दिसेल. अपेक्षाभंगात प्रवाशाला हवे होते ते मिळत नाही. ती एक हानी आहे. भ्रमनिरासात त्याच्या मनातील एक खोटे चित्र पुसले जाते. तो एक लाभ आहे. ज्याचा भ्रम गेला त्याने शोक का करावा? तरीही तो शोक करतो, कारण मनातील चित्र गेल्याचे दुःख आधी होते आणि ते चित्र खोटे होते ही जाणीव मागाहून येते. कित्येकांना ती येतच नाही. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे कोणत्या लेखकांना साधले आणि कसे साधले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विचार करण्याचे कारण टीकेच्या व्यवहारात आहे. प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना आपण लेखकाच्या प्रांजळपणाला मोठे मोल देतो, आणि त्या प्रांजळपणाची सोपी खूण म्हणून त्याच्या नापसंतीकडे बोट दाखवतो. स्तुतीने भरलेले वर्णन मार्गदर्शक पुस्तिकेवरून उतरवलेले असण्याचा संभव असतो. म्हणून ज्याने ‘हे नगर मला मुळीच आवडले नाही’ असे स्पष्ट लिहिले, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासून घेण्याजोगे आहे. कौतुक जसे उसने असू शकते तशी निराशाही उसनी असू शकते. किंबहुना निराशेची उसनवारी ओळखणे अधिक कठीण, कारण ती स्वातंत्र्याचा वेष घेऊन येते.

२

प्रसिद्ध नगर हे प्रवाशाने पाहण्यापूर्वी वाचलेले असते. आपल्याकडे ही वाचनाची परंपरा प्राचीन आहे. परंतु तिच्यात निराशेला जागा नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. स्कंदपुराणातील काशीखंडासारखे माहात्म्यग्रंथ नगराविषयी जे आश्वासन देतात ते डोळ्यांना दिलेले नसते. अमुक घाटावर स्नान केले असता अमुक पुण्य लाभेल, असे ते सांगतात. घाटावर चिखल असला, पंड्याने लुबाडले, तरी त्या आश्वासनाला बाध येत नाही, कारण त्याची प्रचीती या लोकात घ्यावयाचीच नसते. यात्रेकरू थकतो, लुटला जातो, आजारी पडतो. निराश मात्र होत नाही. पर्यटकाला दिलेले आश्वासन वेगळ्या जातीचे असते. ‘तुम्हाला हे दिसेल आणि ते सुंदर असेल’ असे त्याला सांगितलेले असते. हे आश्वासन गाडीतून उतरताक्षणी पडताळता येते, म्हणून ते उतरताक्षणी मोडूही शकते.

या दोन जातींच्या आश्वासनांची गाठ एकाच कृतीत पडलेली पाहावयाची असेल तर भारतेंदु हरिश्चंद्र यांच्या ‘प्रेमजोगिनी’ या अपूर्ण नाटकाकडे वळावे. १८७५ च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकाचे स्थळ काशी, आणि लेखकही काशीचाच. एका प्रवेशात मोगलसराई स्थानकावर एक पात्र परक्या पंडितापुढे काशीचा महिमा विस्ताराने वर्णन करते. दुसऱ्या एका प्रवेशात एक परदेशी येतो आणि ‘पाहिली तुमची काशी’ अशा आशयाचे गीत गाऊन तेथील आळशी, भोंदू, कर्जबाजारी आणि अस्वच्छ जीवनाचा पाढा वाचतो. आणखी एका प्रवेशात काशीस स्थायिक झालेले महाराष्ट्रीय ब्राह्मण चक्क मराठीत बोलतात आणि त्यांचे बोलणे भोजनाच्या आमंत्रणांभोवती फिरत राहते. मराठी वाचकाने हे प्रवेश आवर्जून वाचावेत. आपलीच माणसे दुसऱ्या भाषेच्या नाटकात कशी दिसतात याचा तो मोलाचा पुरावा आहे.

येथे परदेशी प्रवाशाच्या तोंडची निराशा नगरातल्याच लेखकाने लिहिलेली आहे, ही गोष्ट महत्त्वाची. भारतेंदूंनी माहात्म्य खोटे ठरवले नाही आणि परदेशाची तक्रारही खोडून काढली नाही. दोन्ही शेजारी ठेवली. नगराविषयी ज्याला खरी आस्था आहे त्याला पाहुण्याची निराशा उपयोगी पडते, कारण सवयीने जे दिसेनासे झाले ते पाहुण्याला दिसते. म्हणजे निराशेचे मोल ती कोणाची आहे यापेक्षा ती कोणत्या कार्यी लागली यावर ठरते.

संस्कृत नाटकातही याचे एक थोर उदाहरण आहे. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात कण्वाचे दोन शिष्य शकुंतलेला घेऊन दुष्यंताच्या राजधानीत येतात. दोघांनाही नगर रुचत नाही. पण दोघांची अरुची सारखी नाही. शार्ङ्गरवाला तो जनसंमर्द आगीने वेढलेल्या घरासारखा भासतो. शारद्वताला सुखासक्त नगरवासी पाहून स्नान केलेल्याला तेल माखलेला दिसावा, जागृताला निद्रिस्त दिसावा तसे वाटते. एकाची प्रतिक्रिया भयाची, दुसऱ्याची वैराग्याची. कालिदासाने एकाच नगराच्या एकाच दर्शनातून दोन स्वभाव उभे केले, आणि पुढे शकुंतलेचा जो अव्हेर व्हावयाचा त्याची छायाही त्यांत आधीच पाडून ठेवली. अरुची ही पाहणाऱ्याची ओळख असते आणि क्वचित पाहिलेल्या वस्तूविषयीचे सत्यही असते, हे दोन्ही पदर या लहानशा प्रसंगात आहेत.

भरतमुनींनी विषादाची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे आणि आरंभिलेले कार्य तडीस न जाणे, दैव प्रतिकूल होणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. प्रवाशाची निराशा याच जातीची होय. व्यभिचारी भाव येतो आणि जातो. तो स्थायी भावाला पोसतो, त्याची जागा घेत नाही. या दृष्टीने पाहता, ज्या प्रवासवर्णनात विषादच स्थायी होऊन बसतो त्याची प्रकृती बिघडली असे म्हणावे लागते. निराशा अखेर कशात विरते, विनोदात, करुणेत की जिज्ञासेत, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे.

३

निराशा उसनी कशी होते याचे उदाहरण युरोपात रोमच्या निमित्ताने सापडते. फ्रेंच कवी ज्योआकिम दु बेले १५५३ मध्ये आपल्या नात्यातील कार्डिनलच्या परिवारासह रोमला गेला आणि सुमारे चार वर्षे तेथे राहिला. १५५८ या एकाच वर्षी त्याचे दोन संग्रह प्रसिद्ध झाले. पहिला रोमच्या प्राचीन अवशेषांविषयी. रोमचा शोध घेत रोमला आलेल्या पाहुण्याला रोममध्ये रोम सापडत नाही, ही त्यातील प्रसिद्ध कल्पना. ती त्याने यानुस विटालिस या लॅटिन कवीच्या एका लहान कवितेवरून घेतली होती. पुढे स्पेन्सरने १५९१ मध्ये दु बेलेचा हा संग्रह इंग्रजीत आणला, स्पॅनिशमध्ये केवेदोने त्याच कल्पनेवर सुनीत रचले. रोमविषयीची निराशा अशा रीतीने एका भाषेतून दुसरीत जात राहिली. तिला आता रोमची आवश्यकता उरली नाही. अनुवाद पुरेसा झाला.

दुसऱ्या संग्रहात तोच कवी, तेच नगर आणि तीच निराशा आहे. परंतु तेथे तिची कारणे कवीच्या दिनक्रमातून येतात. कार्डिनलच्या घराची व्यवस्था त्याच्याकडे होती. हिशेब, सावकार, ऋणको-धनको यांच्या तगाद्यात त्याचे दिवस जात. ज्या नगरात तो विद्येच्या ओढीने आला त्यात त्याला कारकुनी करावी लागली आणि म्हणून त्याला आपल्या खेड्यातील घर संगमरवरी प्रासादांहून प्रिय वाटू लागले. पहिल्या संग्रहातील निराशा भव्य आहे, दुसऱ्यातील बारीकसारीक आणि किंचित लाजिरवाणी. तरीही दुसरा संग्रह अधिक जिवंत वाटतो, कारण आपली निराशा कोठून आली हे कवीला तेथे ठाऊक आहे.

या परंपरेचे शेवटचे टोक म्हणजे निराशेच्या भयाने प्रवासच टाळणे. ह्युइस्मान्सच्या १८८४ मधील ‘अ रबूर’ या कादंबरीचा नायक डिकन्स वाचून लंडनला निघतो. पॅरिसमध्येच पाऊस व धुके असते. तो मार्गदर्शक पुस्तक विकत घेतो, इंग्रज गिऱ्हाइकांनी भरलेल्या खानावळीत इंग्रजी जेवण जेवतो आणि लंडनचा सारा अनुभव येऊन गेला असे ठरवून पेट्यांसह घरी परततो. चित्रकारांच्या हॉलंडने प्रत्यक्षात निराश केल्याचा पूर्वानुभव त्याच्या गाठी असतो. ह्युइस्मान्सने हा प्रसंग उपहासाने रंगवला, पण त्यातला तर्क निर्दोष आहे. जो नगराकडे केवळ आपले चित्र पडताळण्यासाठी जातो, त्याला न जाणेच श्रेयस्कर.

४

पण चित्र बदलू शकते, आणि ते बदलण्यासाठी काळ लागतो. मार्क ट्वेनने १८९६ मध्ये हिंदुस्थानचा प्रवास केला आणि दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ताजमहालाविषयी लिहिताना याची मार्मिक चर्चा केली. इतरांच्या वर्णनांतील शब्द सुटे सुटे घेतले तर बरोबर असतात, पण एकत्र येऊन ते वाचकाच्या मनात भलतीच इमारत उभी करतात, असे त्याचे म्हणणे. नायगाऱ्याची आपल्या मनातील प्रतिमा प्रत्यक्षाच्या मापाची होण्यासाठी आपल्याला तेथे पंधरा वेळा जावे लागले, असे तो सांगतो. संख्येतील विनोद सोडून दिला तरी मर्म खरे आहे. पहिल्या दर्शनात आपण मुख्यतः आपल्या चित्राशी भांडत असतो.

दोस्तोयेव्स्कीने १८६२ च्या उन्हाळ्यात युरोपचा पहिला प्रवास केला आणि १८६३ मध्ये ‘व्रेम्या’ या आपल्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. प्रवासातील निराशेचा इतका सूक्ष्म अभ्यास क्वचितच आढळेल. बर्लिन त्याला मुळीच आवडले नाही. दोन दिवस रेल्वेत काढून पोहोचावे आणि समोर पीटर्सबर्गसारखेच नगर दिसावे, याचा त्याला राग आला. ड्रेस्डेनची तीच गत. मग तो सांगतो की आपल्याला यकृताचा विकार आहे आणि नगरांवरचे हे निवाडे बहुधा यकृताने दिले आहेत. कोलोनचे कॅथेड्रल त्याने तरुणपणी स्थापत्य शिकताना भक्तिभावाने रेखाटले होते. प्रत्यक्षात ते त्याला लेसच्या कामासारखे, मेजावर कागद दाबून ठेवण्याच्या शोभेच्या वस्तूसारखे वाटले. या नापसंतीचीही तो चौकशी करतो. गावातल्या नव्या पुलावर जकात घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आपल्याला देशाभिमान दिसला, रशियन म्हणून आपण दुखावलो, आणि तो राग कॅथेड्रलवर निघाला. परतीच्या वाटेवर त्याने ते पुन्हा पाहिले, तेव्हा गुडघे टेकून त्याची क्षमा मागावी असे त्याला वाटले.

एवढ्यावर तो थांबला असता तर हे केवळ विनोदी आत्मपरीक्षण ठरले असते. परंतु याच लेखमालेत लंडनवरचे प्रकरण आहे, आणि तेथे स्वर पालटतो. लंडनमधील प्रेक्षणीय स्थळे त्याने नीट पाहिलीच नाहीत. सेंट पॉल दुरून दिसले तेवढेच. त्याने पाहिले ते शनिवारच्या रात्री पोटभर पिऊन स्वतःला विसरू पाहणारे कष्टकरी, आणि हेमार्केटच्या गर्दीत भटकणारी चिंध्यांतली, मार खाल्लेली, जेमतेम सहा वर्षांची मुलगी. त्याच वर्षी लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनाचे आणि काचेच्या प्रासादाचे ऐश्वर्यही त्याने पाहिले, पण त्याला त्यात बआल या प्राचीन दैवतापुढे नमलेली मानवजात दिसली. येथे यकृताचा उल्लेख नाही. बर्लिनची निराशा लेखकाकडे परत येते आणि हास्यात विरते; लंडनची निराशा त्याच्याकडे परत येत नाही. ती त्या मुलीपाशी थांबते.

या दोन निराशांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. आधीच्या प्रकरणात लेखकाने आपल्या विकारांचा हिशेब चुकता केला नसता तर लंडनवरील त्याच्या निवाड्यावर वाचकाने विश्वास ठेवला नसता. ज्याने आपल्या यकृताची साक्ष नोंदवून घेतली त्याला पुढे नगराविरुद्ध साक्ष देण्याचा अधिकार प्राप्त झाला. प्रवासवर्णनातील प्रांजळपणा म्हणजे हाच. नापसंती सांगणे सोपे आहे. तिच्यातील स्वतःचा वाटा वेगळा काढून दाखवणे कठीण आहे.

५

भारतीय लेखकाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित भारतीयाने लंडनचे चित्र स्वतः रंगवलेले नव्हते. ते त्याला शाळेत दिलेले होते. म्हणून त्याचा अपेक्षाभंग ही खाजगी बाब राहू शकत नाही. तो एका शिक्षणक्रमाचाही निकाल असतो.

रवींद्रनाथ १८७८ मध्ये सतराव्या वर्षी विलायतेस गेले. जाण्यापूर्वी इंग्रजी रीतिभातींचा परिचय व्हावा म्हणून काही काळ ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. विलायतेहून त्यांनी पाठवलेली पत्रे ‘भारती’ मासिकात आली आणि १८८१ मध्ये ‘युरोप-प्रवासीर पत्र’ या नावाने पुस्तकरूप झाली. लंडनचे पहिले दर्शन त्यांना अंधाऱ्या, उदास पुरीचे वाटले: धूर, धुके, पाऊस, चिखल आणि माणसांची धावपळ. पुढे ते लिहितात की हे लहानसे बेट ग्लॅडस्टनच्या वक्तृत्वाने, मॅक्सम्युलरच्या वेदव्याख्येने, कार्लाइलच्या चिंतनाने दुमदुमत असेल अशी आपली भाबडी समजूत होती. तसे काही आढळले नाही; आणि सुदैवाने आपण निराश झालो, असे ते म्हणतात.

या ‘सुदैवाने’ शब्दात सारे मर्म आहे. अपेक्षाभंग आणि भ्रमनिरास यांतील अंतर रवींद्रनाथांनी एका क्रियाविशेषणात ओलांडले. इंग्रज लोक कपडेलत्ते, कामधंदा आणि गप्पागोष्टी यांत आपल्याप्रमाणेच गुंतलेले आहेत, हे कळणे या तरुणाला सुटकेसारखे वाटले. ज्या समाजापुढे मान खाली घालून उभे राहावयास शिकवले होते तो समाज माणसांचा निघाला. जेथे तेथे प्रज्ञावंतच भेटले असते तर हा मुलगा कायमचा शिष्य होऊन परतला असता.

याचा परिणाम भाषेवरही दिसतो. ही पत्रे बोलभाषेत आहेत. रवींद्रनाथांचे हे बोलभाषेतील पहिले पुस्तक. भारदस्त साधुभाषेत नगराचे स्तोत्र लिहिता येते, किंवा त्याचा धिक्कार करता येतो. पॅरिसमधील हॉटेल इतके प्रचंड की सैल कपडे घातल्यासारखे अवघडायला होते, ही तक्रार मात्र बोलभाषेतच शोभते. लहान, खऱ्या निराशेला लहान, खरे शब्द लागतात. या पत्रांतील मतांना ‘भारती’तच संपादक द्विजेंद्रनाथांनी, म्हणजे थोरल्या बंधूंनीच, टिपा जोडून विरोध केला होता, आणि पुढे १९१२ च्या ‘जीवनस्मृती’त स्वतः रवींद्रनाथांनी या लेखनातील तारुण्यसुलभ बढाईविषयी संकोच व्यक्त केला. पण बढाईचा दोष मान्य करूनही असे म्हणावे लागेल की त्यांच्या गद्याला जी मोकळीक पुढे लाभली तिचा एक झरा या सुदैवी निराशेत आहे.

६

निराशा लेखकाला आंधळाही करू शकते, आणि याची कबुली देणारा लेखक दुर्मिळ. व्ही. एस. नायपॉल १९५० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्रिनिदादहून इंग्लंडला आले. डिकन्सच्या कादंबऱ्या आणि त्यांतील चित्रे यांवर पोसलेले लंडन त्यांच्या मनात होते; प्रत्यक्षात वाट्याला आली ती अर्ल्स कोर्टमधील एक वसतिगृहवजा खानावळ. १९८७ च्या ‘द एनिग्मा ऑफ अरायव्हल’मध्ये ते या दिवसांकडे वळून पाहतात. तेथे युरोपच्या निरनिराळ्या देशांतून युद्धानंतर उखडलेली माणसे राहत होती. महायुद्धोत्तर जगाचे मोठे स्थलांतर, जे पुढे लंडनसारख्या नगरांचे रूपच पालटणार होते, त्याचा आरंभ त्या घरात दिसत होता. परंतु अठरा वर्षांचा होतकरू लेखक ‘महानगरी’ विषय शोधत होता. पुस्तकांतील लंडन सापडत नाही म्हणून तो खट्टू होता, आणि समोरचे लंडन त्याने टिपलेच नाही. त्याचा खरा विषय त्याच्याच जेवणाच्या मेजावर बसला होता. हे कळण्यास पस्तीसहून अधिक वर्षे लागली, आणि कळल्यावर त्यातूनच त्यांची एक श्रेष्ठ कृती निर्माण झाली.

याच नायपॉलांनी १९६२ मध्ये मुंबईत पाऊल ठेवले आणि १९६४ मध्ये ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ लिहिले. पूर्वजांच्या देशाविषयीची त्यांची निराशा जगप्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशी असलेला एक क्षण टीकाकारांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्रिनिदादमध्ये आणि लंडनमध्ये भारतीय चेहऱ्यामुळे ते वेगळे ठरत. मुंबईच्या दुकानांत, उपाहारगृहांत कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही; ते गर्दीत विरून गेले. नगराने आपल्याला ओळखले नाही, या दुःखाची नोंद त्यांनी निर्भयपणे केली. परंतु या दुःखाचा त्यांच्या पुढील निवाड्यांवर किती परिणाम झाला याची वजाबाकी, दोस्तोयेव्स्कीने आपल्या यकृताची केली तशी, त्यांनी केली नाही.

ती वजाबाकी मुंबईच्याच एका कवीने केली. निसिम इझिकेल यांनी ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ या निबंधात नायपॉलांनी सांगितलेली घाण, ढिलाई आणि नक्कल नाकारलेली नाही. त्यांचा आक्षेप वेगळा आहे: हा लेखक ज्यांच्यावर चिडतो त्यांच्यात गुंतत नाही, तो सर्वत्र स्वतःच्याच पेचाच्या दृष्टीने पाहतो. बेने इस्रायली समाजात जन्मलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या इझिकेलांचे या नगराशी नाते सरळ नव्हते. परकेपणाची चव त्यांनाही ठाऊक होती. म्हणून त्यांचा प्रतिवाद स्थानिक अभिमानाचा वाटत नाही. निराश पाहुण्याला निराश रहिवाशाने दिलेले हे उत्तर आहे. भारतेंदूंनी एकाच नाटकात जे दोन आवाज शेजारी ठेवले होते ते येथे दोन लेखकांत विभागले गेले, एवढेच.

७

मराठी प्रवासवर्णनाचा या दृष्टीने विचार करता एक गोष्ट नजरेस येते. आपल्या या वाङ्मयप्रकाराने निराशेला टाळण्याचे दोन मार्ग शोधले. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या १९४० मधील पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला ललित रूप दिले, हे सर्वमान्य आहे. त्याचे शीर्षकच वाचकाला दिशा देते: मागे धुके, पुढे तारा. प्रवास अशा दोन प्रतिमांमध्ये बांधला गेला म्हणजे धुक्याकडून निराशा अपेक्षितच असते आणि ताऱ्याकडून ती संभवत नाही. हा ध्येयवादाचा मार्ग होय. शीर्षकाच्या या चौकटीबाहेर पुस्तकात खेळकर निरीक्षण पुष्कळ आहे आणि तेच आजही ताजे वाटते.

दुसरा मार्ग पु. ल. देशपांडे यांच्या १९६० मधील ‘अपूर्वाई’चा. या पुस्तकात विलायतेस निघण्याच्या तयारीलाच मोठे विनोदी महत्त्व आहे. सल्ले देणारे, विलायती रीती शिकवणारे, स्वतः हरखून गेलेला प्रवासी: सारे अपेक्षेचेच विडंबन. अपेक्षा घरीच हसून हलकी केल्यावर लंडनने ती मोडावयाची राहत नाही. मराठी मध्यमवर्गाच्या मनातील विलायतेचे चित्र रवींद्रनाथांनी लंडनमध्ये उतरवले तसे पु. लं.नी ते मुंबईतच उतरवले, असे म्हणता येईल. हे यश मोठे आहे. परंतु त्याची किंमतही आहे. ज्याने प्रहार आधीच चुकवला त्याला नगराच्या कठीणपणाचा स्पर्श कमी होतो. पु. लं.च्या नंतर त्यांचे अनुकरण करणाऱ्या प्रवासवर्णनांत ही उणीव ठळक झाली: त्यांनी विनोद घेतला, पण ज्या चित्राविरुद्ध तो योजलेला होता ते चित्रच त्यांच्यापाशी नव्हते.

आज चित्रे पूर्वीपेक्षा अधिक आहेत आणि ती शब्दांची नाहीत. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, त्या नगराच्या प्रत्यक्ष दर्शनाने मानसिक संतुलन ढळलेल्या काही जपानी प्रवाशांच्या अवस्थेला ‘पॅरिस सिंड्रोम’ असे नाव दिले. असे रुग्ण अगदी थोडे असतात. पण ही संज्ञा जगभर पसरली, याचा अर्थ तिने अनेकांच्या सौम्य अनुभवाला शब्द दिला. आता तीही एक आयती निराशा झाली आहे. आयफेल मनोऱ्याखाली उभे राहून ‘यात काय एवढे?’ असे म्हणणे हे त्याच्यापुढे छायाचित्र काढून घेण्याइतकेच ठरीव आहे. सोळाव्या शतकात रोमच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती.

अशा काळात परीक्षकाचे काम वाढते. लेखकाला नगर आवडले की नाही, हा प्रश्न गौण मानून त्याने दुसरे दोन प्रश्न विचारावेत. मनातील चित्र कोणाकडून आले, हे लेखकाला ठाऊक आहे काय? आणि ते चित्र गळून पडल्यावर त्या जागी त्याला कोणी माणूस दिसला काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रवींद्रनाथांच्या पत्रांत आहे, दुसऱ्याचे दोस्तोयेव्स्कीच्या लंडनमध्ये. नायपॉलांनी पहिले उत्तर तरुणपणी चुकवले आणि उतारवयात दिले. म्हणून त्यांचा उशिराचा ग्रंथ त्यांच्या आधीच्या संतप्त ग्रंथापेक्षा अधिक काळ सोबत करतो. निराश होऊन परतलेला प्रत्येक प्रवासी साहित्याला काही देतोच असे नाही. परंतु ज्याने आपल्या निराशेची झडती घेतली, त्याच्या वर्णनात नगर राहते. आणि ज्याने ती मिरवली, त्याच्या वर्णनात तोच राहतो.